मुसळ कोणाच्या हाती

नायजेरियाच्या नैर्ऋत्य भागातल्या एकिती राज्यात पाहुण्याचा मान इयानने राखतात. याम हा कंद सोलायचा, उकडायचा, गरम असतानाच उखळात टाकायचा आणि मुसळाने कुटत राहायचे. गुठळीचा मागमूस उरत नाही, पांढराशुभ्र, चिवट आणि तरीही मऊ गोळा तयार होतो, तेव्हा इयान झाले. कंद निवला की गुठळ्या मोडत नाहीत, म्हणून मुसळ मध्येच थांबवता येत नाही. जेवणारे जास्त असले तर दोघी-तिघी उखळाभोवती उभ्या राहतात आणि एकीचे मुसळ वर जाताना दुसरीचे खाली येते. आज त्याच एकितीत, इबादानात, लागोसमध्ये यामाच्या पिठाची पाकिटे मिळतात. उकळत्या पाण्यात पीठ वैरायचे, लाकडी दांड्याने घोटायचे आणि काही मिनिटांत गोळा ताटात. विजेवर याम कुटणारी यंत्रे तर नायजेरियातल्या अभियंत्यांनी १९७०च्या दशकातच बनवायला घेतली होती. तरीही मुसळाच्या इयानची सर पिठाला नाही, असे म्हणणारी माणसे घरोघरी आहेत, आणि त्यांतली बरीचशी स्वतः मुसळ उचलत नाहीत.

मुसळ की पाकीट, असा प्रश्न तिथल्या स्वयंपाकघरात जवळजवळ प्रत्येक पदार्थापाशी उभा राहतो. मोई-मोईसाठी भिजवलेल्या चवळीची साले हाताने चोळून काढायची की तयार पीठ आणायचे? रश्श्यात आंबवलेल्या बियांचे इरू घालायचे की मसाल्याची चौकोनी वडी चुरायची? कडू पाला घरी धुवायचा की बाजारातून धुतलेला आणायचा? मुळात घरी करायचे तरी का, कोपऱ्यावरच्या बाईकडून आणले तर काय बिघडले? काहींना वाटते की या सोयींनी एक पिढीजात विद्या संपत चालली आहे. काहींना वाटते की ती विद्या ज्यांच्या पाठीवर उभी होती त्यांना आता तरी विश्रांती मिळावी. दोघांच्याही म्हणण्यात सत्य आहे. आमचे मत आधीच सांगून ठेवतो. हे जेवण घरात शिजत राहिले पाहिजे. मात्र सोयी सरसकट नाकारू नयेत आणि सरसकट स्वीकारूही नयेत. प्रत्येक सोय घरातून काय काढून घेते ते वेगवेगळे तपासावे, कारण काही सोयी घाम काढून घेतात आणि काही चव.

मराठी वाचकाने यात का लक्ष घालावे, असे कोणी विचारेल. आपल्या ताटातली बरीच मंडळी त्या बाजूची आहेत, हे एक कारण. बाजरीची शेती प्रथम पश्चिम आफ्रिकेच्या कोरड्या पट्ट्यात झाली, चवळीही आफ्रिकेतली. ही दोन्ही पिके साडेतीन-चार हजार वर्षांपूर्वी भारतात पोचली. उत्तर नायजेरियात फुलानी बायका बाजरीच्या शिजवून मळलेल्या गोळ्यांचा फुरा ताकासारख्या आंबट दुधात कालवून विकतात. सोलापुरात बाजरीची आंबील पिणाऱ्या माणसाला तो पहिल्या घोटाला ओळखीचा वाटेल. हौसा लोकांचे झोबो हे पेय लाल अंबाडीच्या बोंडांचे. मियान कुका हा त्यांचा रस्सा गोरखचिंचेच्या वाळवलेल्या पानांच्या भुकटीचा. उलट दिशेने आपल्याकडचा शेवगा तिकडे गेला. हौसा त्याला झोगाले म्हणतात आणि त्याचा उकडलेला पाला शेंगदाण्याच्या पेंडीच्या कुटाबरोबर खातात. उपवासाला आपण भिजत घालतो तो साबुदाणा कसाव्याचा, आणि जगात सर्वांत जास्त कसावा नायजेरियात पिकतो. शिवाय पुण्यात शिकायला आलेली, नालासोपारा-मीरा रोडला राहणारी, गोव्यात स्थिरावलेली नायजेरियन माणसे आपल्या शेजारीच ही चूल मांडतात. अकारा या वड्यांसाठी लागणारी चवळी त्यांना इथल्या कुठल्याही वाण्याकडे मिळते.

जुन्या रीतीची बाजू घेणाऱ्यांचे म्हणणे नीट कळायचे तर एगुसीचा रस्सा कसा होतो ते पाहावे. एगुसी म्हणजे कलिंगडाच्या जातीतल्या एका फळाच्या बिया, आपल्या मगजासारख्या. त्या सोलून कुटतात. कढईत लाल पामतेल तापवतात, त्यात कांदा, मग लाल ढोबळी मिरची आणि अता रोडो या जहाल मिरचीचे वाटण परततात. एगुसीचे पीठ थोड्या पाण्यात कालवून चमच्याचमच्याने सोडतात आणि ढवळायचा मोह आवरतात, कारण न ढवळल्यानेच त्याच्या मऊ गुठळ्या बांधल्या जातात. कोणी पीठ आधी तेलात परतून घेते. प्रत्येक घर आपलीच रीत खरी मानते. मग मटणाचे किंवा गोमांसाचे पाणी, नॉर्वेहून येणारा लाकडासारखा कडक सुका कॉड, आपल्या जवळ्यासारख्या सुक्या कोळंबीचा कूट, इरू आणि सर्वांत शेवटी उगूचा हिरवा पाला. पाला आधी पडला तर काळवंडतो, उशिरा पडला तर कच्चा लागतो. यातले काहीही मापाने होत नाही. तेल किती तापले ते वासावरून कळते, पीठ शिजले ते कडेने तेल सुटल्यावरून. हे कळणे वर्षानुवर्षे शेजारी उभे राहूनच येते. एक पिढी जरी त्या कढईपाशी उभी राहिली नाही, तरी पुढच्या पिढीला पुस्तकातून शिकावे लागेल. पुस्तकेही चांगली आहेत. इबादानच्या कुडेटी इथल्या मुलींच्या शाळेतून योरुबा पाककृतींचे एक पुस्तक १९३०च्या दशकातच निघाले. ओझोझ सोकोह या लेखिकेने कित्येक वर्षांच्या नोंदी गोळा करून २०२५मध्ये नायजेरियाच्या निरनिराळ्या प्रांतांच्या जेवणाचे मोठे पुस्तक काढले. पण तेलाचा वास पुस्तकाला येत नाही.

या जेवणात पोषणही आहे, आणि ते रीतीतच आहे. दक्षिणेतल्या एफिक आणि इबिबियो घरांत एडिकांग इकाँग हा रस्सा करतात तेव्हा पातेलेभर पाला जवळजवळ पाण्याशिवाय, त्याच्याच रसात शिजतो. चवळीच्या वाटणाचा मोई-मोई वाफवलेला असतो, त्यात तेल नावापुरते. इरू हे आफ्रिकी लोकस्ट झाडाच्या बिया उकडून, सोलून, दोन-तीन दिवस आंबवून होते. त्यात प्रथिने असतात आणि रश्श्याला जी खोली येते ती जास्त मीठ न घालता येते. कोणी आहारतज्ज्ञाने कागदावर आखला नसता इतका समतोल कुठल्या कुठल्या आजीने अनुभवाने साधला आहे.

काही कष्ट तर असे आहेत की ते वाचवले तर जीवावर बेतते. कडू कसाव्यात सायनाइड सोडणारी द्रव्ये असतात. तो किसायचा, पोत्यात भरून दाबाखाली ठेवायचा, दोन-चार दिवस आंबू द्यायचा, पाणी निथळले की चाळून मोठ्या कढईत भाजायचा, तेव्हा गारी तयार होते. घाईत, न आंबवता केलेला कसावा माणसाला अधू करू शकतो. इबादानचे मज्जाविकारतज्ज्ञ बेंजामिन ओसुंटोकुन यांनी १९६०च्या दशकात पश्चिम नायजेरियातल्या खेड्यांत चालताना तोल जाणाऱ्या, दृष्टी अधू होणाऱ्या रुग्णांचा अभ्यास केला आणि त्या विकाराचा संबंध सतत कसावा खाण्याशी, त्यातल्या सायनाइडशी जोडला. म्हणजे आंबवण्याचे ते दिवस शास्त्र आहेत. जुन्या रीतीचा आदर करायला याहून ठोस कारण नको.

आता दुसरी बाजू, आणि ती अधिक जड आहे असे आम्हाला वाटते.

ऑक्टोबर २०१६मध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष मुहम्मदु बुहारी बर्लिनमध्ये जर्मनीच्या चॅन्सेलर अँगेला मर्केल यांच्या शेजारी उभे होते. बुहारींच्या पत्नीने त्यांच्या कारभारावर जाहीर टीका केली होती. त्याबद्दल विचारल्यावर बुहारी म्हणाले, की ती कुठल्या पक्षाची आहे ते मला ठाऊक नाही, पण तिची जागा माझ्या स्वयंपाकघरात, बैठकीच्या खोलीत आणि त्या दुसऱ्या खोलीत आहे. देशात आणि बाहेर संताप उसळला, तरी ते वाक्य आकाशातून पडलेले नव्हते. पारंपरिक जेवण घरी व्हावे हा आग्रह पुष्कळदा याच समजुतीवर उभा असतो. उकडायचे, कुटायचे, वाटायचे, धुवायचे हे काम बायकांचे. चव बरोबर नाही हे सांगायचे काम इतरांचे. लग्नाच्या बोलण्यांत मुलीला रस्सा येतो का, हे आजही विचारले जाते. लेखिका चिमामांडा न्गोझी अदिची यांनी २०१७मध्ये एका मैत्रिणीला लिहिलेल्या पत्राच्या रूपात छोटे पुस्तक काढले. मुलगी जन्मतःच स्वयंपाक शिकून येत नाही, तो प्रत्येकाला शिकावा लागतो, हे त्यांना त्यात मुद्दाम सांगावेसे वाटले, ते यामुळेच.

घराबाहेर मात्र पैसा मिळतो तिथे पुरुष मागे नाहीत. सुया, म्हणजे शेंगदाण्याची पेंड आणि मसाला चोळून निखाऱ्यावर भाजलेले मांस, संध्याकाळी रस्त्याकडेला विकणारे जवळजवळ सगळे पुरुष असतात, बहुतेक उत्तरेतले हौसा. आग तीच, मांस तेच. फरक एवढाच की एका कामाला दाम आहे आणि दुसऱ्याला नाही. मे २०२३मध्ये हिल्डा बाची या तरुणीने लागोसमध्ये सलग ९३ तास ११ मिनिटे स्वयंपाक केला आणि जागतिक विक्रमात तिची नोंद झाली. बघ्यांची गर्दी लोटली, नेते भेटीला आले, देश आनंदला. तो आनंद खरा होता आणि तिचे कर्तृत्वही. पण त्याच देशात ज्या बायका वर्षानुवर्षे रोज पहाटेपासून चुलीपाशी असतात त्यांचे तास कोणी मोजत नाही.

धुराचेही तसेच. नायजेरियातली बहुसंख्य घरे अजून लाकूड, कोळसा किंवा रॉकेलवर शिजवतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातल्या चुलीच्या धुराने २०२०मध्ये जगभर सुमारे ३२ लाख माणसे मेली. चवळी मऊ शिजायला किंवा गोमांस नरम पडायला लागणारा प्रत्येक जादा तास कोणाच्या तरी फुप्फुसात जातो. समारंभातल्या जॉलोफ या टोमॅटो-मिरचीच्या भाताला येणारा खमंग धुरकट वास सगळ्यांना प्रिय आहे, तो लाकडाच्या जाळावर आणि तळाशी किंचित करपलेल्या भाताने येतो. वर्षातून चार वेळा अंगणात तो यावा, रोज बंद खोलीत येऊ नये.

आणि महागाई. मे २०२३च्या अखेरीस नव्या सरकारने इंधनावरचे अनुदान काढले, पुढच्याच महिन्यात नायरा हे चलन बाजारभावावर सोडले. जून २०२४पर्यंत अन्नधान्याची महागाई वर्षाला ४० टक्क्यांच्या वर गेली. लागोसची एसबीएम इंटेलिजन्स ही संस्था पाच माणसांच्या घराला एक पातेले जॉलोफ करायला किती खर्च येतो याचा निर्देशांकच काढते. तांदूळ, टोमॅटो, तेल, मिरची, कांदा, कोंबडी यांच्या किमती त्यात एकत्र दिसतात, आणि तो आकडा वाढला की वर्तमानपत्रांत बातमी होते. चवळीच्या उत्पादनात जगात पहिला असलेल्या या देशाने जुलै २०२४मध्ये तांदूळ, मका, गहू यांच्याबरोबर चवळीही १५० दिवस करमुक्त आयात करण्याची घोषणा केली. अशा दिवसांत गृहिणीने इरूऐवजी स्वस्त वडी टाकली, मांसाऐवजी नुसता जवळा टाकला, गॅस वाचावा म्हणून चवळी करणेच सोडले, तर तिला परंपरेचे धडे देणे अन्यायाचे आहे.

परंपरा म्हणजे तरी काय, हेही तपासायला हवे. टोमॅटो, मिरची, मका, कसावा, शेंगदाणा ही सगळी अमेरिका खंडातून आलेली. कसावा सोळाव्या शतकापासून पोर्तुगीजांच्या जहाजांतून पश्चिम आफ्रिकेत उतरू लागला. तो गारी करून खाण्याची रीत दक्षिण नायजेरियात पसरण्यात एकोणिसाव्या शतकात ब्राझीलहून परतलेल्या मुक्त गुलामांचा हात होता असे इतिहासकार मानतात. जॉलोफचे मूळ सेनेगलच्या वोलोफ राज्याकडे जाते. तिथल्या मासे-भाताला २०२१मध्ये युनेस्कोने अमूर्त वारशाच्या यादीत घेतले, तरी नायजेरियन माणूस आपल्या जॉलोफसाठी भांडतोच. त्याच जॉलोफमध्ये करी पावडर पडते, जी इंग्रजांच्या राज्यात भारताच्या नावाने तिकडे गेली. आपल्या घरात कोणी तो डबा ठेवत नाही, लागोसच्या घरात तो मिठाइतका नेमाचा आहे. आणि गारी ही मुळात तयार अन्नच आहे. एकदा भाजून ठेवली की महिनोन्महिने टिकते, गरम पाणी ओतले की एबाचा गोळा तयार, थंड पाण्यात साखर-शेंगदाणे घालून तशीच खाता येते. परंपरेच्या पोटातच सोय होती. त्यामुळे सोय म्हणजे परंपरेचा शेवट, हे म्हणणे टिकत नाही.

मग एकेक सोय घेऊन पाहू.

याम कुटण्याचे यंत्र आम्हाला पूर्ण मान्य आहे. उकडलेला ताजा कंदच त्यात जातो, गोळाही जवळजवळ तोच येतो, फक्त खांदे वाचतात. आपल्याकडे पाटा-वरवंट्याची जागा मिक्सरने घेतली तेव्हा चटणीच्या पोतात थोडा फरक पडला, चटणी मात्र राहिली. इथेही तसेच होईल. पिठाच्या पाकिटाबद्दल तितके नि:शंक म्हणता येत नाही. कंद वाळवून दळल्यावर ताजेपणा जातो, काही पाकिटांत बटाट्याचा किंवा इतर स्टार्चही असतो. पण दिवसभर काम करून लागोसच्या वाहतुकीत तीन तास अडकून घरी पोचलेल्या बाईला ते पाकीट म्हणजे सुटका आहे. आठवड्याच्या दिवसांना पाकीट आणि सणाला कंद, ही वाटणी अनेक घरांनी केलीच आहे आणि ती शहाणपणाची आहे.

ओबे अताचे, म्हणजे टोमॅटो-मिरची-कांद्याचे वाटण मिक्सरमध्ये किंवा बाजारातल्या गिरणीवर करण्याला कोणाचीच हरकत नसावी. अडचण विजेची आहे. नायजेरियाचे वीजजाळे २०२४मध्ये अनेकदा कोलमडले. ज्या घरात जनरेटर नाही तिथे मिक्सर शोभेचा आणि फ्रीज कपाटासारखा. रविवारी चार रस्से करून गोठवून ठेवावेत आणि आठवडा काढावा, हा सल्ला शहरी बायका एकमेकींना देतात. तो सल्ला वीज असलेल्यांचा आहे.

कसाव्याचे काम घराबाहेर जाणे उत्तमच. गावोगाव यांत्रिक किसण्या आल्या, दाबयंत्रे आली, गारी विकत घेणे शहरात केव्हाच रूढ झाले. मात्र वेळ वाचवण्यासाठी जो आंबवण्याचे दिवस कमी करतो, त्याला परंपरा मोडल्याबद्दल नव्हे, गिऱ्हाइकाच्या जीवाशी खेळल्याबद्दल जाब विचारला पाहिजे.

मोई-मोईच्या पानाबाबत मात्र आम्ही जुन्या रीतीच्या बाजूने ठाम आहोत. एवे एरान ही रुंद पाने शंकूसारखी दुमडून त्यात चवळीचे वाटण ओतायचे आणि पातेल्यात उभी लावून वाफवायची. त्या पानाचा मंद वास मोई-मोईत उतरतो. आता बरेच जण प्लास्टिकच्या पिशवीत वाटण भरून उकळतात. पिशवीने वेळ फारसा वाचत नाही, कारण खरे कष्ट साले काढण्यात आणि वाटण्यात होते आणि ते तसेच राहिले. गेला तो वास, आणि आला तो गरम प्लास्टिकचा अन्नाशी संबंध. पान मिळत नसेल तर स्टीलच्या वाट्या आहेत, केळीचे पान आहे. पिशवीचे समर्थन आम्हाला सापडत नाही.

सर्वांत अवघड निवाडा मसाल्याच्या वडीचा. मॅगी म्हटले की आपल्याला नूडल्स आठवतात. नायजेरियात मॅगी म्हणजे ही वडी, आणि ती नसलेले स्वयंपाकघर शोधून सापडणार नाही. ती स्वस्त आहे, टिकते, सुटी मिळते, पाणीदार रश्श्यालाही मांसाची चव आल्यासारखे वाटते. गरिबाच्या पातेल्याला तिने आधार दिला हे नाकारणे क्रूरपणाचे होईल. पण तिच्यात मुख्यतः मीठ आहे. दिवसाला माणसी पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ असावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि एकेका पातेल्यात मिठावर चार-चार वड्या पडतात. नायजेरियात उच्च रक्तदाब घरोघरी आहे. दुसरे नुकसान चवीचे. इरूचा उग्र वास शहरी, शिकलेल्या घरांना नकोसा झाला आणि वडी आधुनिक वाटू लागली. उत्तरेत इरूलाच दावादावा म्हणतात. वडीने सगळ्या रश्श्यांची चव एकमेकांजवळ आणली. योरुबांचा एवेडू, इग्बोंचा कडू पाल्याचा रस्सा, हौसांचा मियान कुका, प्रत्येकाचा पाया वेगळा होता. अडीचशेहून अधिक समाजांच्या या देशात ते वेगळेपण मोठी संपत्ती आहे. म्हणून वडी संपूर्ण हद्दपार करा असे न म्हणता आम्ही म्हणू, इरू परत आणा आणि वडी एकावर आणा. इरू आंबवून विकणाऱ्या खेड्यातल्या बायकांना त्याचा दामही मिळेल. अर्थात इरूसाठी बिया तासन्‌तास उकळाव्या लागतात, तो धूर त्या बायका गिळतात. शहरातल्या घराची चव राखायला खेड्यातल्या बाईचे कष्ट वाढवायचे का, हा आक्षेप खरा आहे. त्याचे उत्तर चांगल्या चुली, प्रेशर कुकर आणि साले काढणाऱ्या यंत्रांत आहे. भातशेतीसाठी योजना निघतात, तशी या कामासाठीही निघायला हवी.

घरी न करता विकत आणण्याबद्दल आमचा आक्षेप लोक समजतात तितका नाही. ममा-पुट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रस्त्याकडेच्या खानावळी बहुधा बायकाच चालवतात. पहाटे कोपऱ्यावर अकारा तळणाऱ्या बाईकडून गरम वडे आणि घरची ओगीची पेज, हा शनिवारचा नाश्ता कित्येक घरांत रुजलेला आहे. तिथे विद्या मरत नाही, ती मोबदल्याच्या हाती जाते. अलीकडे लागोस-अबुजात घरून रस्से करून लिटरच्या डब्यांत विकणाऱ्या बायका वाढल्या आहेत, त्यांचे घर त्यावर चालते. मर्यादा दोन. पाच माणसांचे कुटुंब रोज विकत आणून खाऊ शकत नाही. आणि दुसऱ्याच्या कढईपाशी आपले मूल उभे राहत नाही.

देशाबाहेर गेलेल्यांकडे पाहिले की हे जास्त स्पष्ट होते. लंडनच्या पेकममध्ये किंवा ह्यूस्टनमध्ये याम, एगुसी, सुका कॉड सगळे मिळते, तरी पुष्कळ जण ओटच्या पिठाचा किंवा बटाट्याच्या चुऱ्याचा गोळा करतात, उगूऐवजी पालक घालतात. पदार्थ बदलतो, पण मुलांना हाताने गोळा तोडून रश्श्यात बुडवून खाणे कळते. परदेशात नायजेरियन जेवणाला मानही मिळतो आहे. लंडनच्या चिशुरू या उपाहारगृहाच्या अदेजोके बाकारे यांना २०२४मध्ये मिशेलिन तारा मिळाली. त्याचा अभिमान जरूर बाळगावा. घरची कढई त्याने पेटत नाही.

एक आक्षेप उरतो आणि तो बायकांचाच आहे. अनेक वडीलधाऱ्या स्त्रियांना मुसळ सोडायचे नसते. कोणाच्या ताटात काय पडेल, कोणाला मांसाचा कुठला तुकडा मिळेल, सून केव्हा तयार झाली, हे सगळे पातेल्याच्या मालकिणीने ठरवायचे असते. बाहेरच्या जगात ज्यांना फारसा अधिकार मिळाला नाही त्यांचा हा अधिकार आहे, आणि यंत्र किंवा पाकीट आणणारा तरुण मुलगा तो न विचारता काढून घेतो. आम्ही या आक्षेपाला वजन देतो. ज्या घरात एखादी आजी मुसळच हवे म्हणते आणि स्वतःच्या खुशीने कुटते, तिथे तिला अडवणारे आपण कोण? पण तिच्या आग्रहासाठी दुसरीने कुटायचे असेल, तर निर्णय त्या दुसरीचा.

म्हणून आमची मागणी आधी पुरुषांकडे आणि मग सरकारकडे आहे. ज्यांना मुसळाचे इयान हवे त्यांनी मुसळ उचलावे. ताकदीचे काम आहे, आणि ताकदीची फुशारकी कोण मारतो ते सर्वांना ठाऊक आहे. मुलग्यांना एगुसी आणि ओबे अता शिकवावे, मुलींना शिकवतात त्याच वयात. सरकारने चवळी आणि तांदूळ यांच्या आयातीची दारे घाईने उघडण्या-मिटण्याचा खेळ थांबवावा. २०१५मध्ये तांदूळ, टोमॅटो पेस्ट, पामतेल अशा वस्तूंच्या आयातीसाठी परकीय चलन बंद केले, २०१९मध्ये जमिनीवरच्या सीमा बंद केल्या, २०२०च्या शेवटी त्या उघडल्या, २०२३मध्ये चलनाचे निर्बंधही उठवले. या धरसोडीत शेतकऱ्याला भरवसा आला नाही आणि गृहिणीला स्वस्ताई मिळाली नाही. त्यापेक्षा स्वयंपाकाचा गॅस परवडेल अशा भावात ठेवला आणि रोज संध्याकाळी ठरलेल्या वेळी वीज दिली, तर लागोसमधली बाई चवळी पुन्हा भिजत घालेल, कारण ती शिजवायला परवडेल.